तिसऱ्या रॉडची पाती

मोखाड्याच्या स्टँडवर जीप भरत होतो. दोन सीट कमी होत्या, तेवढ्यात कुणीतरी सांगितलं, रघू मिस्त्री गेले. मी आधी घड्याळात पाहिलं... फेरी चुकेल म्हणून. महिना झाला, पण घड्याळाकडे गेलेली ती नजर अजून मनातून जात नाही.

मिस्त्री मूळचे जामसरचे, गाड्या दुरुस्तीची शेड जव्हारला. इंजिन बांधताना कुणी बोललं की पाना खाली ठेवून त्याचं बोलणं संपेपर्यंत थांबायचे, म्हणून आम्ही मुद्दाम बोलायचो. त्यांची एक रीत होती. शेवटचा कनेक्टिंग रॉड मालकाने मोजायचा. रॉडची कड आणि क्रँक यांच्यात बारीकशी फट लागते, तिथून तेल बाहेर पडतं. फिलर गेजची, म्हणजे फट मोजायच्या मापाची, पातळ पाती त्या फटीतून सरकली तर ठीक, नाहीतर रॉड लेथवर घासून आणायचा. "गाडी तुझी हाय, तुझा हात लागू दे," म्हणायचे.

माझ्या जीपचा तिसरा रॉड नवा होता, तोच शेवटी ठेवलेला. मी पाती लावली. अडली. दुसऱ्या दिवशी मोखाड्याचा बाजार, म्हणजे दिवसभर फेऱ्या. रॉड लेथवर गेला असता तर बाजार हातचा जात होता.

"गेली?" मिस्त्रींनी विचारलं.

"गेली," मी म्हणालो.

बाजार झाला आणि तिसऱ्या दिवशी घाटात इंजिन जाम झालं. बायाबापड्या डोक्यावर बोचकी घेऊन चालत गेल्या. मिस्त्रींनी इंजिन खोललं, तर त्या रॉडची कड जळून निळी पडलेली. ते बराच वेळ हातातल्या गेजकडे बघत राहिले. "पाती गेलती ना रं?"

तेव्हा तरी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "गेलती."

स्टँडवर पोरं म्हणू लागली, मिस्त्री आता थकले. मी चहा पीत ऐकत होतो. माझी जीप त्यांनी पुन्हा नीट बांधून दिली, पण नंतर इंजिनाला हातच लावला नाही. नुसते ब्रेक, क्लच. एकदा विचारलं तर म्हणाले, "आता भरोसा नाय." वय झालं, अशी मी माझी समजूत घातली.

दिवसकार्य झाल्यावर जव्हारला त्यांच्या घरी भेटायला गेलो. त्यांच्या बायकोने, काकींनी, फडक्यात बांधलेलं गेज हातात ठेवलं. "तुझ्यावर लई जीव व्हता त्यांचा. ठेव आठवन. पन ह्यानं मोजू नको, बिघडलंय म्हनायचे." आत मिस्त्रींच्या वाकड्या अक्षरात चिठ्ठी होती : खराब. वापरू नये.

जव्हारच्या लेथवाल्याकडून मी एकेक पाती मायक्रोमीटरवर मोजून घेतली. सगळ्या बरोबर आहेत.

गेज आता माझ्या जीपमध्ये, स्टेअरिंगसमोर असतं. चिठ्ठी फाडायला हात धजत नाही. हा लेख छापून आला की तो घेऊन जव्हारला जायचं आहे. काकींना वाचता येत नाही. त्यांच्यासमोर बसून मलाच मोठ्याने म्हणावं लागेल, पाती अडली होती.