मंडईच्या दिवशी मी उपाशी

दिवाळी संपली की आमच्याकडे मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू होतात. आज या गावची, परवा त्या गावची. रस्त्याच्या कडेला दुकानं लागतात, पाळणा येतो, दिवसा दंडार, म्हणजे ढोलावरचं नाचगाणं, आणि रात्री नाटक असतं. ज्या गावची मंडई, त्या गावातल्या प्रत्येक घरी पाहुणे. आमचं गाव केशोरीच्या वाटेवरचं. माझा नवरा भावांमध्ये मोठा. शेताच्या वाटण्या कधीच झाल्या, पाहुणे मात्र सगळे आमच्याच वाट्याला आले.

तोवर हलका धान कापून झालेला असतो आणि उशिरा येणारा भारी धान अजून शेतात, बांधीत उभा असतो. म्हणजे अंग आधीच मोडलेलं. त्यावर दिवाळीची झाडझूड, सारवण, फराळ. मंडईचा दिवस उजाडतो तेव्हा माझ्यात काही उरलेलं नसतं, आणि त्याच दिवशी घरात सगळ्यात जास्त हसायचं असतं.

मला शुगर निघाली त्याच्या पुढच्याच वर्षीची गोष्ट. शुगर निघाल्यापासून माझ्या ताटावर सगळ्या घराचे डोळे होते. मी करंजी डब्यात भरत असले तरी कोणीतरी म्हणायचं, "तू नको खाऊ हो." शेजारीण चहा द्यायची तो आधीच फिका करून, आणि देताना तोंड असं करायची की जणू माझ्या घरी कोणी वारलंय. गोंदियाहून येणारी माझी धाकटी नणंद तेवढी याबद्दल फार बोलायची नाही. तिची सासू बरीच वर्षं इन्सुलिन घेते, त्यामुळे तिला या सगळ्याची सवय होती.

त्या दिवशी मी अंधारातच उठले. चहा केला, चहासोबत शुगरची गोळी घेतली. थोड्या वेळानं पोहे करू, तेव्हा दोन घास खाऊ, असा विचार होता. पण वड्यांची डाळ वाटायची होती. ती वाटत होते तेवढ्यात नवऱ्याचे मामा आले. मग नणंद-जावई, बाकीचे पाहुणे एकामागून एक येतच गेले. पोहे केले, ते पाहुण्यांना गेले. मटण चुलीवर चढवलं, भाताचं मोठं गंज उतरवलं, वडे तळायला घेतले. मागच्या अंगणात नवरा, मामा आणि जावई मोहाची दारू घेऊन बसले होते. त्यांना मध्ये मध्ये वडे लागत होते. मीच नेऊन देत होते.

पहिली पंगत बसली. मी वाढत होते. मामांनी अनरसा तोडला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "सूनबाईनं अनरसे पाहा कसे जाळीदार केले! आन् बिचारीले एक बी खाता येत नाई."

सगळे हसले. मीही हसले. हसता हसता मला कळेना की हातातला रस्सा कोणाच्या पानात वाढायचा आहे. सगळी पानं एकसारखी दिसायला लागली. मी तशीच स्वयंपाकघरात आले, भांडं ठेवायला गेले तर ते हातातून निसटलं. पाठीवरून घाम वाहत होता. थंडीचे दिवस, आणि लुगडं पाठीला चिकटलेलं. मी भाताच्या गंजाशेजारी भिंतीला टेकून खाली बसले.

नणंद रस्सा न्यायला आली होती. मला पाहून ती तिथंच थांबली.

"वहिनी, काय झालं? घामानं ओली होऊन राहिली तू."

"काई नाई. थकली."

"सकाळपासून खाल्लं काय?"

मला आठवेना. खरंच आठवेना. मी चुलीकडे पाहत राहिले.

"गोळी घेतली?"

"घेतली ना."

"हे भगवान," ती म्हणाली. तिनं साखरेचा डबा ओढला, पेल्यात मूठभर साखर घालून पाणी ओतलं, बोटानंच ढवळलं आणि पेला माझ्या तोंडाला लावला. तेवढ्यात मामा रस्सा का येत नाही ते बघायला दारात आले.

"अवं, तिले साखर कायले पाजून राहिली? मारतं का तिले?"

"मामाजी, तुमी पानावर जाऊन बसा," नणंद मागे न बघता म्हणाली. "वहिनीची शुगर वाढली नाई, उतरली आहे. सकाळपासून ती उपाशी आहे. तुमी सगळे खाऊन राहिले, तिले कोनी इचारलं काय?"

बाहेरच्या पंगतीतले वळून दाराकडे पाहायला लागले. मामा मागे फिरले.

थोड्या वेळानं मला घर परत दिसायला लागलं. नणंदेनं ताटलीत भात आणि डाळ कालवली आणि माझ्यासमोर बसून मला खायला लावलं. बाहेर दुसरी पंगत धाकट्या जावेनं वाढली. नवरा दारात येऊन उभा राहिला. त्याच्या अंगाला मोहाचा वास येत होता, पण चेहरा उतरला होता.

"सांगितलं काऊन नाई?" तो म्हणाला.

मी ताटलीतला पुढचा घास घेतला. राग आला होता असं नाही. माझी पाठ भिंतीला टेकली होती आणि कोणी काही मागत नव्हतं, एवढंच मला पुरे वाटत होतं. तिथंच झोपून जावं असं वाटत होतं.

मंडई झाल्यावर नणंदेनं भावाला सुनावलं आणि त्यानं मला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. तिथली डॉक्टर तरुण बाई होती. तिनं मला विचारलं, "मंडईच्या दिवशी तुम्ही काय काय करता?" मी सांगत गेले. ती कागदावर टिपत होती. मग म्हणाली, "मला तुमच्या अनरशाची भीती नाही वाटत. जेवण झाल्यावर एखादा खाल्ला तर चालेल. भात अर्धा घ्या, भाजी-डाळ जास्त घ्या. पण गोळी घेऊन उपाशी राहायचं नाही. जेवायला बसायचं आणि मगच घ्यायची." मग तिनं नवऱ्याला विचारलं, "आणि तुम्ही किती पिता?" नवरा भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागला.

पुढच्या मंडईला नणंद आदल्या संध्याकाळीच आली. सकाळी मी डाळ वाटायला घेणार, तोच तिनं पाट मांडला, ताट वाढलं आणि म्हणाली, "बस."

"पाहुने अजून जेवले नाईत."

"पाहुने आपल्या घरून खाऊन निघतेत. तू बस."

मी बसले. घरच्या बाईनं मंडईच्या दिवशी सगळ्यांच्या आधी जेवायला बसायचं म्हणून मला लाजल्यासारखं झालं. कान दाराकडे होते. चव काही लागली नाही. पण पोटात अन्न गेलं आणि त्यावर गोळी गेली.

नवऱ्यानं त्या दिवशी पाण्याचे जग भरून ठेवले, पानं मांडली. मागच्या अंगणात मामांनी हाक मारली तेव्हा म्हणाला, "आधी जेवतो, मग घेतो." पहिल्याच पंगतीला पोटभर जेवला आणि ओसरीवर लवंडला तो तिथंच घोरायला लागला. मामा बराच वेळ एकटेच बसले, मग तेही उठून पानावर आले. त्या वर्षी वडे उशिरा झाले, मटणात मीठ कमी पडलं. एक लांबची चुलतसासू म्हणाली, "आजकालच्या बाया आधी आपलं पोट पाहतेत." मी ऐकलं आणि भात वाढत राहिले. तिच्या पानात दोनदा वाढला.

थकवा काही कमी झाला नाही. दुपारी शेवटचं पान उठलं तेव्हा पाय सुजले होते आणि भांड्यांचा ढीग तसाच पडला होता. मी आडवी होणार होते. नणंद म्हणाली, "चाल, मंडई पाहून येऊ. लग्न झाल्यापासून या गावची मंडई पाहिली काय तू?"

मी पाहिली नव्हती. घरामागून ढोलाचा आवाज ऐकायचे, तेवढीच माझी मंडई. भांडी तशीच ठेवून आम्ही निघालो. गर्दी होती, धूळ होती, पाळण्यात बसलेल्या पोरी ओरडत होत्या. नणंदेनं बांगड्या घेतल्या. मग जलेबीच्या दुकानापुढे ती थांबली, गरम जलेबी घेतली आणि एक तुकडा मोडून माझ्यापुढे धरला. मी आजूबाजूला पाहिलं. ओळखीचं कोणी पाहत नव्हतं. तुकडा तोंडात टाकला, दुकानदाराला विचारून त्याच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले आणि चपला काढून पाय मोकळे केले. नणंद म्हणाली, "अजून देऊ?" मी मानेनंच नाही म्हणाले, आणि समोरची दंडार संपेपर्यंत तिथंच बसून राहिले.