गांडुळांची साक्ष

मी भंडाऱ्याच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या लॅबमध्ये असिस्टंट आहे. किस्से गोळा करायचा छंद मला नाही. पण ज्या कामात सगळेच सगळ्यांवर संशय घेतात, तिथे ते आपोआप साचतात. फ्रीजवरच्या धुळीसारखे. पुसावे तरी किती!

काम तसं साधं. आमच्या मेश्राम मॅडम कारखान्याजवळची माती गांडुळांकडून तपासून घेतात. प्लास्टिकचा डबा, मधोमध पट्टी. एका बाजूला कोंढा गावाहून आणलेली चांगली माती, दुसऱ्या बाजूला संशयित माती. पट्टी काढायची, मधल्या रेषेवर दहा गांडुळं सोडायची आणि दोन दिवसांनी मोजायची. ज्या मातीतून ती पळाली, तिथे गडबड. गांडुळाला ना पगार, ना प्रमोशन, त्याला कोण फितवणार, असं मॅडमचं म्हणणं.

*

पहिली माती आणली देवरावजी नावाच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या शेतातून. कारखान्यामागचा नाला त्यांच्या धानाच्या बांध्यांना, म्हणजे भाताच्या खाचरांना लागूनच जातो. मी खुरप्यानं पिशवी भरत होतो, तर हे धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून ओरडले, "कोण्या कंपनीचे हो?"

"कंपनीचे नाही जी, कॉलेजचे."

"कॉलेजले माती काहून पाह्यजे? भंडाऱ्याले नाई का माती?"

मॅडमनी पंधरा मिनिटं समजावलं. त्यांनी मान डोलावली. मग प्रत्येक पिशवीला आपल्याजवळच्या लाल धाग्याची गाठ मारली आणि म्हणाले, "रस्त्यात बदलवसान, त मले समजन!"

*

एकदा कारखान्यानं स्वतःच बोलावलं, टेस्ट आमच्यासमोर करून दाखवा म्हणून. गेटवरच्या वॉचमननं डबा उघडायला लावला, बोटानं उलटसुलट करून मोजणी केली आणि रजिस्टरमध्ये लिहिलं : गांडूळ, २० नग, जिवंत.

परत निघालो तेव्हा त्यानं पुन्हा मोजली, तर एकोणीस!

"एक अंदर छोड़ के जा रहे हो? किस काम के लिए?"

आम्ही गेटवर उकिडवे बसून शोधाशोध केली. विसावं गांडूळ झाकणाला चिकटलेलं निघालं. त्यानं रजिस्टरवर टिक केली, पण मॅडमची पर्सही उघडायला लावली!

*

पहिल्या टेस्टचा निकाल : कोंढ्याच्या मातीत दहा, देवरावजींच्या मातीत शून्य.

कारखान्याचे पर्यावरण अधिकारी लॅबमध्ये आले. यांना आम्ही नुसतं 'साहेब' म्हणतो. निकाल पाहून त्यांनी विचारलं, "गांडुळं कुठली?"

"कोंढ्याची."

"मग काय! माहेरीच पळणार ती!"

मॅडम चिडल्या की आवाज खाली आणतात. म्हणाल्या, "ठीक आहे, तुमच्या आवारातली द्या."

दुसऱ्या दिवशी दोन माळी सकाळपासून जेवणाच्या सुट्टीपर्यंत कारखान्याचं लॉन खणत होते. एक गांडूळ सापडलं नाही.

"सध्या सीझन नसेल," साहेब म्हणाले.

जुलै महिना होता! आमच्या लॅबच्या पायरीवरसुद्धा गांडुळं वळवळत होती.

*

मग त्याच पायरीवरची गांडुळं घेऊन मॅडमनी दुसरी टेस्ट लावली. तिला देवरावजी स्वतः हजर. लॅब उघडण्याआधी दारात, लॅब बंद झाल्यावर शेवटी बाहेर. दोन दिवस डब्यासमोरच्या स्टुलावर बसून राहिले, जेवणाचा डबाही तिथेच उघडला. मी पाणी प्यायला उठलो तरी माझ्या हातांकडे बघायचे. मला रागच आला. शेवटी म्हणालो, "आमच्यावर विश्वास नाही का जी?"

"तुमच्यावर हाये. पर डबा तुमच्याजवळ हाये ना!"

मग थोड्या वेळानं मॅडमना हळूच विचारलं, "बाई, यंदा धानाचा रोवणा करू का नको? हा एवढाच तुकडा हाये मायाजवळ. माती मेली असन त सांगून टाका."

मला फार वाईट वाटलं. इतके दिवस मी त्यांना कटकट्या म्हातारा समजत होतो.

मॅडमनी डबा उघडला. नऊ गांडुळं कोंढ्याकडे. दहावं त्यांच्या मातीत मरून पडलेलं.

*

आम्ही रिपोर्ट वर प्रदूषण मंडळाकडे पाठवला. कारखान्याचं उत्तर आलं, खाली साहेबांची सही. नाल्याचा काही संबंध नाही, शेतकऱ्यानं स्वतःच औषध बेसुमार फवारून जमीन खराब केली आहे, वगैरे वगैरे. शनिवारी दुपारी देवरावजी त्या पत्राची त्यांना आलेली प्रत घेऊन लॅबमध्ये आले. मी वाचून दाखवलं. त्यांनी दोनदा वाचायला लावलं आणि आपल्या नेहमीच्या स्टुलावर जाऊन बसले.

तेवढ्यात साहेब आले. ऑफिसची गाडी नाही, ड्रायव्हर नाही, स्वतःची स्कूटी. हेल्मेटही न काढता त्यांनी एक पिशवी टेबलावर ठेवली.

"मॅडम, हे जरा तुमच्या त्या डब्यात टाकून बघा. आमच्या कंपनी क्वार्टरमागची माती आहे. मिसेसनं मेथी लावली, पोरगी रोज खाते." मग दाराकडे बघत म्हणाले, "फक्त माझं नाव कुठे नको."

"नावाशिवाय नमुना घेता येत नाही, साहेब," मॅडम म्हणाल्या. "रजिस्टरचा नियम आहे."

साहेब उभेच. पिशवी उचलत नव्हते, नावही सांगत नव्हते. स्टुलावरचा माणूस कोण, हे त्यांनी ओळखलंच नव्हतं.

देवरावजींनी पत्राची घडी केली, खिशात घातली आणि माझ्यापुढे रजिस्टर सरकवलं.

"लिवा जी मायं नाव. तिथंबी मीच फवारलं असन."