कानातल्या मॅडम
घोंगडीचा वास आला की उरवड्याजवळच्या मेंढपाळांच्या वाड्यावरची ती सकाळ आठवते. मी नर्स, तिथल्या एका बाळाला लस द्यायला गेले होते, आणि माझ्या एका कानात ऑनलाइन प्रशिक्षणाचा तास चालू होता. बाळाच्या आईनं सुईकडं पाहिलंच नाही, माझ्या कानाकडं रोखून बघत तिनं विचारलं, "कोन बोलतंय तुमच्या कानात?" म्हटलं, "आम्हाला शिकवणाऱ्या मॅडम." तिनं बाळ पदराखाली ओढलं. "त्यास्नी माजं लेकरू दिसतंय व्हय?" "नाही." "मग त्यास्नी गप करा, आन् तुमी हिकडं बघा." आता तो तास मीच घेते. समोर सगळ्यांचे कॅमेरे बंद असतात, आणि पलीकडं आत्ता कुणाच्या तरी हातात सुई असेल, या संशयानं मी बोलता बोलता थांबते.