तिने माती मागितली होती

अमरावतीच्या दवाखान्यात मला ठेवून घेतले ते माझ्या इंग्रजी अक्षरासाठी. मिशनच्या शाळेत दया आणि सेवा यांवर आम्हाला पुष्कळ शिकवले होते, पण डाक्तरसाहेबांनी त्यातले काहीच विचारले नाही. त्यांनी कागद पुढे सरकवला, चार ओळी सांगितल्या, मी त्या उतरवून घेतल्या. अक्षर पाहून ते म्हणाले, "ठीक. बायकांकडे तू पाहा." मी तेव्हा अठरा वर्षांची होते आणि चारचौघांत बोलायची वेळ आली की माझे कान गरम होत.

मूळची मी अकोल्याची, कोष्ट्याच्या घरातली. आई पटकीने गेली तेव्हा वडिलांनी मला मिशनच्या लोकांच्या स्वाधीन केले. सहाव्या वर्षापासून माझे शिकणे, प्रार्थना आणि बोलणी खाणे सगळे इंग्रजीत झाले. वऱ्हाडी मला समजत होते, बोलताही येत होते, पण बोलताना दुसऱ्या कोणाचे लुगडे मागून नेसल्यासारखे वाटे.

ते कापसाचे दिवस होते. अमेरिकेत लढाई चालली होती, तिथला कापूस विलायतेला पोचत नव्हता, म्हणून दर्यापूर, अकोटकडून गाड्यांमागून गाड्या अमरावतीत येत. बायकांची खोली म्हणजे एका व्यापाऱ्याने दिलेली जुनी वखार. भिंतींच्या फटींत राहिलेला कापूस उडून औषधांत पडे, जखमांना चिकटे. तिथे पाच खाटा होत्या आणि खिडकीजवळ माझे टेबल. टेबलावर मोठी वही. तीत प्रत्येक बाईचे नाव, गाव, धर्म, दुखणे आणि शेवट लिहायचा. धर्माच्या रकान्यात साहेबांना तीनच शब्द चालत: हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती. ज्या बाईचे कोणी नसेल तिच्या प्रेताचे काय करायचे ते या रकान्यावरून ठरे. हिंदू असेल तर नाल्याकाठी जाळायची, नाहीतर पुरायची. मला ही व्यवस्था तेव्हा फार नेटकी वाटली होती.

दुसऱ्या खाटेवर दर्यापूरकडची एक कुणबीण होती. गाडीतून कापसाचा बोजा अंगावर कोसळून तिचा पाय मोडला होता. तिच्यासाठी पाणी भरायला वेगळा बामण पाणक्या येई. तो दिवसातून दोनदाच येई आणि मधल्या वेळी ती कोरड्या तोंडाने पडून राही. मी तांब्या पुढे केला की दोन्ही हात पदराखाली घेई.

"राग नोको मानू बाई," ती म्हणे. "तुह्या हातचं पाणी पेलं तं माही सासू मले घरात नाही घेनार. गोठ्यात बांधन."

"गोठ्यात बैल तरी चांगले बोलतात," शेजारच्या खाटेवरून पिंजाऱ्याची म्हातारी आई म्हणे. "जाय बेशक."

या म्हातारीचा जन्म कापूस पिंजण्यात गेला होता आणि आता ती खोकून खोकून अर्धी झाली होती. मला ती बेटी म्हणे. रोजे चालू होते, म्हणून सूर्य बुडेपर्यंत ती औषधाचा थेंब घेत नसे. मी हे साहेबांना भीत भीत सांगितले तेव्हा ते हसले. "संध्याकाळी दे तर," ते म्हणाले. "पण तू यांच्यासारखी झाली नाहीस हे बरे. तुझे डोके साफ आहे." ते वाक्य मी खोलीवर गेल्यावर मनाशी पुन्हा पुन्हा म्हणून पाहिले. आयुष्यात इतके चांगले मला कोणी काही म्हटले नव्हते.

माघ संपता संपता एका गाडीवानाने काळ्या वस्त्रातली एक म्हातारी तपस्विनी दाराशी आणून सोडली. महानुभाव पंथाची, रिद्धपूरला पायी निघालेली. वाटेत रक्ताची आव लागून ती पडली होती. गाडीवान म्हणाला, "मले मंडीत पोचायचं हाय. रिद्धपूरले कोनी जानारा भेटला तं निरोप देतो मी," आणि निघून गेला. मी वही उघडली. धर्माच्या रकान्यापाशी थांबले आणि हिंदू लिहिले. दुसरे काय लिहिणार?

"मानभाव हाय ते," कुणबीण लगेच बोलली. "देवाले हात जोडत नाही, शेंदराचा धोंडा दिसला का तोंड फिरवते. तिले माह्या बाजूले काहून टाकलं?"

"तुह्या पायाले काही ती चावून नाही राहिली," पिंजाऱ्याची आई म्हणाली.

तपस्विनीने मला बोटाने बोलावले आणि विचारले, "पानी गाळलेलं हाय का माय?" मी नाही म्हणाले. तिने झोळीतून एक पांढरा कपडा काढून दिला. मी तो दुहेरी करून तांब्यावर धरला, पाणी गाळले, आणि कपड्यावर राहिलेले बारीक जीव तिने सांगितले तसे परत हौदात सोडून आले. मग ती माझ्या हातून ते पाणी प्यायली. माझी जात विचारली नाही, माझ्या गळ्यातल्या क्रुसाकडे पाहिले नाही. कुणबिणीने तोंड फिरवले. मी त्या दिवशी तपस्विनीसाठी सहा वेळा पाणी गाळले. तहान तिला तितकी नसावी.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी तिला अफूचा अर्क लिहून दिला. तिने चमचा नाकाशी नेला.

"यात दारू हाय का माय?"

होती. तो अर्क दारूतच काढतात. मी खरे सांगितले. तिने चमचा परत माझ्या हातात दिला, अगदी हळू, एक थेंबही न सांडता.

साहेबांना कळले तेव्हा ते माझ्यावर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरे झाले असते. ते म्हणाले, "तुला कोणी विचारले होते खरे सांगायला? पाणी आहे म्हणायचे. आता ती मरेल, आणि ती तुझ्या खरेपणाने मरेल. मला वाटले होते तुला जास्त अक्कल आहे." नंतर दोन दिवस ते माझ्याशी कामापुरतेच बोलले. माझ्यातून काढून घेतलेली ती साफ डोक्याची मुलगी कशी परत मिळवायची, एवढाच विचार मी ते दोन दिवस करत होते. तपस्विनीचा नव्हे.

आपण वाचत नाही हे तिला कळले होते. चौथ्या दिवशी सकाळी मी तिचे अंथरूण बदलत होते तेव्हा तिने माझे मनगट धरले.

"मी आता उठत नाही माय. एक काम कर. मले जाळू नोको देऊ. आमाले अग्नी नाही देत. मातीत ठेवा, मीठ टाकून. मोठा खड्डा नोको, अंग माइल इतला."

मी मान हलवली.

"लाकडात किडे असतात," ती म्हणाली. तिचा श्वास पुरत नव्हता, तरी थांबत थांबत ती बोलत राहिली. "जलमभर पानी गाळून पेली. चालताना खाली पाहून चालली. अन् मेल्यावर माह्यासाठी इतले जीव काहून जाळायचे? तुह्या साहेबाले सांगशीन ना?"

"सांगते," मी म्हणाले.

"नक्की?"

"नक्की."

तिने मनगट सोडले. पिंजाऱ्याची आई उशीवर कोपर टेकून आमच्याकडे पाहत होती.

मी साहेबांच्या खोलीच्या दाराशी तीनदा गेले. इंग्रजी वाक्य मनात बनवले होते, व्याकरणाने अगदी शुद्ध. पहिल्यांदा आत वखार देणारा व्यापारी बसला होता. दुसऱ्यांदा साहेब पत्र लिहीत होते. तिसऱ्यांदा ते एकटे होते. त्यांनी मान वर करून विचारले, "आता काय? आणखी कोणाचा देव आडवा आला?" मी म्हणाले, पट्ट्यांचे कापड संपत आले आहे. ते म्हणाले, मागवतो.

उद्या सांगू, असे मी ठरवले. दवाखान्यात काम करणाऱ्या माणसाने उद्या हा शब्द वापरू नये, हे मला तोपर्यंत कळायला हवे होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या सुमारास ती गेली. मी तिच्याजवळ होते, एवढेच माझ्या बाजूने म्हणता येईल. व्यापारी त्याच दिवशी मुंबईच्या पाहुण्यांना वखारीचा दवाखाना दाखवायला आणणार होता, म्हणून साहेबांना खाट तासाभरात मोकळी हवी होती. दोन हमाल प्रेत न्यायचे कापडी झोळणे घेऊन आले. त्यातला मोठा माझ्याकडे वळला.

"बाई, जाळाची का पुराची?"

साहेब दारात उभे होते. "काय विचारतो तो?"

मी सांगितले. त्यांनी टेबलावरची वही आपल्याकडे फिरवली, माझे सुंदर अक्षर बोटाने दाखवले. "हिंदू. बरोबर?"

ते वाक्य तेव्हाही माझ्या तोंडात तयार होते. फक्त तोंड उघडायचे होते. फार तर ते पुन्हा चिडले असते, फार तर खड्डा खणायला आणखी दोन माणसे लागली असती.

"येस सर," मी म्हणाले.

पिंजाऱ्याची आई खाटेवर उठून बसली. "बेटी! काल ते तुले काय म्हनली? मी आयकलं. माटीत ठेवा म्हनली. बोल ना साहेबाले!" आणि तिला खोकल्याची उबळ आली. ती एका हाताने छाती धरून दुसऱ्या हाताने हमालांना थांबा, थांबा असे करत होती. हमाल माझ्याकडे पाहू लागले. त्यांना वऱ्हाडी कळत होते. साहेबांना कळत नव्हते.

"म्हातारी काय म्हणते?" साहेबांनी विचारले.

"खोकल्याचे औषध मागते आहे," मी म्हणाले.

"भर दिवसा? रोजा असून?" साहेब खूश झाले. "चला, एक तरी शहाणी झाली. दे तिला." आणि माझ्या खांद्यावर थोपटून ते पाहुण्यांना घ्यायला फाटकाकडे गेले.

हमालांनी झोळणे उचलले. कुणबीण, जिला ती मानभाव शेजारी नको होती, तीसुद्धा म्हणाली, "अवो बाई, सांगून पाहाचं होतं एकडाव." मी औषधाची बाटली घेऊन पिंजाऱ्याच्या आईपाशी गेले. तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिले. मग बाटली माझ्या हातून काढून घेऊन तिने ती जमिनीवर ठेवली आणि भिंतीकडे वळून निजली.

आजारी माणसाची सेवा म्हणजे त्याचे अंग पुसणे, औषध पाजणे, एवढेच मला शिकवले होते. ते मी करत होते, आणि चांगले करत होते. पण माणूस अंथरुणावर पडला की त्याच्याकडे बहुतेक काही उरत नाही. काय खायचे, कोणाच्या हातचे प्यायचे, मेल्यावर कुठे जायचे, अशा दोनचार गोष्टी तेवढ्या त्याच्या स्वतःच्या राहतात, आणि त्याही तो दुसऱ्याच्या हातात ठेवतो. कुणबिणीने तहान सोसली, म्हातारीने खोकला सोसला, तपस्विनीने मरण पत्करले. तिघींना आपले काय ते माहीत होते. त्या खोलीत आपले काही नसलेली मी एकटी होते, आणि वही माझ्याकडे होती.

तीन दिवसांनी रिद्धपूरहून दोघी आल्या. एक वयस्क, एक माझ्या वयाची, दोघी काळ्या वस्त्रात, पाय धुळीने भरलेले. गाडीवानाने निरोप पोचवला होता. साहेबांनी मला दुभाषी म्हणून बोलावले.

"त्यांना सांग," ते म्हणाले, "सगळे त्यांच्या धर्माप्रमाणे केले."

मी तसे सांगितले. वयस्क बाईने हात जोडले. "कुठं ठेवलं तिले? जागा दाखव माय."

मी त्यांना नाल्याकाठी घेऊन गेले. तिथे पाच-सहा ठिकाणी जमीन काळी झाली होती. त्यातली तिची कोणती, मलाही माहीत नव्हते. दोघी उभ्या राहिल्या. वयस्क बाईला आधी कळले. तिचे जोडलेले हात आपोआप सुटले.

"जाळली?" धाकटीने मला विचारले. "ते काही बोलली नाही? शुद्ध होती का तिले?"

"नव्हती," मी म्हणाले. "आणली तेव्हापासून नव्हती."

"एक शब्द नाही?"

"नाही."

धाकटीच्या डोळ्यांत पाणी आले. ती आणखी काही विचारणार होती, पण वयस्क बाईने तिच्या पाठीवर हात ठेवला. "राहू दे," ती म्हणाली. "तिले दोष नोको देऊ. या पोरीले काय माहीत आपलं. ते तं इंग्रजी शिकलेली हाय."

त्या दोघींनी खाली वाकून मला दंडवत घातला. मी तो घेतला, आणि मागे वळून दवाखान्याच्या वाटेला लागले.