मुआयन्याच्या दिवशी मी नकाशांच्या खोलीत होते

नकाशांच्या खोलीला खिडकी नव्हती. तिथं तीन फाटके नकाशे, एक पाय मोडलेला फळा, चुन्याचं घमेलं आणि मी, असं सामान ठेवलेलं होतं. बाहेर माझ्या शाळेत हळदीकुंकू चाललं होतं.

माझ्या म्हणजे, मी जिथं शिकवायचे त्या शाळेत. जालन्याच्या स्टेशनावरून सकाळी बैलगाडीनं निघालं तर दिवस मावळता आमचं गाव लागतं. राज्य निजामाचं. मुलांना सरकारी मदरसा होता, मुलींना काहीच नव्हतं. मग गावातल्या प्रतिष्ठितांनी कमिटी करून मुलींची शाळा काढली. अध्यक्ष वकीलसाहेब. स्त्रीशिक्षणावर ते तासभर बोलत. त्यांच्या घरच्या बायकांनी ते भाषण कधी ऐकलं नव्हतं. भाषण चालू असताना त्या आत चहा करत असत.

मास्तरीण मिळाली ती मी. शिंप्याची मुलगी. बाप कचेरीतल्या लोकांच्या शेरवान्या शिवायचा. शेजारच्या मुसलमान घरातल्या खाला आपल्या मुलीला उर्दू शिकवत, तेव्हा मीही शेजारी जाऊन बसायचे. मराठी बापानं शिकवली. चौदाव्या वर्षी नवरा तापानं गेला. सासरच्यांनी मला माहेरी आणून सोडलं. पुढं आई गेली, बाप गेला. खालाही लेकीकडं परभणीला गेल्या. घरात मी उरले आणि पुस्तकं. पुण्याकडचं एखादं मासिक चार जणांनी वाचून झालं की माझ्याकडं यायचं. त्यात विधवांच्या स्थितीवर लेख असत. लिहिणारे सगळे पुरुष. आपण खाटेवर पडलेलो आहोत आणि दोन वैद्य आपल्या आजारावर एकमेकांशी बोलताहेत, तसं ते वाचताना वाटायचं.

शाळेला तिसरं वर्ष लागलं तेव्हा मुआयना ठरला. तालीम खात्याकडून, म्हणजे शिक्षण खात्याकडून, एक बाई तपासणीला येणार होत्या. त्यांचा शेरा चांगला पडला तर शाळेला सरकारी मंजुरी मिळणार, नाहीतर शाळा बंद. आदल्या दिवशी वकीलसाहेब आले.

"मास्तरीणबाई, मोठ्या घरच्या बायका आल्याशिवाय शोभा न्हाई. आन् त्या नुसत्या शाळंसाठी कशाला येतील? म्हणून हळदीकुंकू ठेवलंय."

"ठेवा की."

"तुम्ही समजदार आहात."

समजदार हा शब्द आमच्याकडं फार जपून वापरतात. ज्याच्याकडून काहीतरी काढून घ्यायचं असतं त्यालाच तो देतात.

"सवाष्णींचा कार्यक्रम हाये. तुम्ही तेवढा वेळ नकाशांच्या खोलीत बसा. अर्ध्या घंट्याचा तर सवाल."

"पण मुआयना माझ्या शिकवण्याचा ना?"

"ते मी बराबर बघतो."

मी "बरं" म्हणाले. कुणी मला ढकललं नाही, दार बाहेरून लावलं नाही. मुलींना गाणं शिकवलं मी, गुलाबदाणी घासली मी, सतरंजी अंथरली मी, आणि मग आत जाऊन दार मीच ओढून घेतलं. इतकी वर्षं पांढऱ्या कपाळानं वावरलं की माणूस आपोआप बाजूला सरायला शिकतो. रस्त्यात लग्नाचं वऱ्हाड दिसलं की मी बोळात शिरायचे. कुणी सांगावं लागत नसे.

दाराच्या फटीतून दिसत होतं. मुआयनावाल्या बाई पडदा पाळणाऱ्या. म्हणून त्या दिवशी पुरुष बाहेर ओसरीवर आणि मध्ये बांबूची चिक सोडलेली. जन्मात पहिल्यांदा वकीलसाहेब पडद्याआड बसले होते. बाईंनी बुरखा काढून ठेवला. चष्मा लावला. कडक इस्त्रीची साडी. कुंकवाचं ताट त्यांच्यापुढून गेलं, अत्तर लागलं, गाणं झालं. मग त्यांनी विचारलं, "उस्तानी कौन हैं?"

म्हणजे मास्तरीण कोण. शाळेत खुर्ची एकच, माझी. तिच्यावर शालू नेसून देशमुखांच्या बाईसाहेब बसल्या होत्या.

चिकेआडून वकीलसाहेबांचा आवाज आला, "वो क्या, कुर्सी पर बैठे हैं ना!"

त्यांना आतलं दिसत नव्हतं. किंवा दिसत होतं. मी आजही ठरवू शकलेले नाही.

मुआयनावाल्या बाईंनी हजेरीपट उचलून बाईसाहेबांच्या हातात दिला. "हाज़िरी लीजिए."

बाईसाहेबांनी आयुष्यात अक्षर गिरवलेलं नव्हतं. त्यांनी पट मांडीवर घेतला, पानावरून हात फिरवला आणि समोर मुलींकडं बघून सुरू केलं. "पाटलाची मोठी. पाटलाची धाकटी. सावकाराची. जोशीबुवाची. वकीलसाहेबाची भाची."

मुली खुदखुदल्या. या नावांनी त्यांना मी कधी हाक मारली नव्हती. एकीनंही "हजर" म्हटलं नाही. बाईसाहेबांच्या कपाळावर घाम आला. तो घाम मला ओळखीचा होता. पहिल्या दिवशी पाटी हातात घेणाऱ्या मुलीला तो येतो. मला त्यांची कीव आली, हे खरं आहे. तरी मी आतच बसून राहिले, हेही खरं आहे.

मागच्या रांगेपाशी त्या थांबल्या. "झाल्या."

"उन्नीस लिखे हैं. पीछे ये तीन कौन?"

मागं तीन मुली होत्या. एक माळ्याची, एक कुंभाराची, एक विणकराच्या घरची. बाईसाहेबांना त्या कुणाच्या हे ठाऊक नव्हतं. "त्या अशाच येऊन बसत्यात," त्या म्हणाल्या. "तमाशा बघायला."

मुआयनावाल्या बाईंनी पेन उघडलं.

माळ्याची सुंदरा उठली. नऊ वर्षांची. शाळेत सगळ्यात आधी वाचायला लागलेली. "म्या रोज येते!" ती ओरडली. "बाईला इचारा!"

"खाली बस गं!" बाईसाहेब म्हणाल्या.

"बाई आतमंदी हायेत. नकाशाच्या खोलीत. त्यांला इचारा!"

मी दार उघडलं.

बायकांच्या रांगेत जे झालं ते पाखरांच्या थव्यात खडा पडल्यासारखं. कुणी पदर ओढला, कुणी तोंड फिरवलं. "अगं बाई, ही कुठं मधीच!" बाईसाहेबांनी कुंकवाच्या ताटावर पदर धरला. मी त्यांच्या मांडीवरचा पट घेतला. पान काढायची गरज नव्हती, मला पाठ होतं. तरी काढलं.

"सुंदरा."

"हजर!"

"जनाबाई." "हजर." "सकीना." "हजर."

मागच्या रांगेपासून पुढच्या रांगेपर्यंत एकोणीस नावं. सगळ्या हजर.

मुआयनावाल्या बाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. त्या मला शाबासकी देतील असं एक क्षण वाटलं होतं. मासिकातल्या गोष्टींत तसं होतं. त्यांनी शेरेबुकात उर्दूत लिहिलं, ते मला उलट्या बाजूनंही वाचता आलं. मुली हुशार. मंजुरीस हरकत नाही. उस्तानी मुआयन्याला उशिरा आली.

दुसऱ्या दिवशी शाळेत सात मुली आल्या. पुढच्या रांगेतली एकही नाही. पाणी भरायला गेले तर आडावरच्या बायका घागरी उचलून निघाल्या. दळणाला सोबत करणारी शेजारीण म्हणाली, "मला काय न्हाई गं, पण सासू बोलून राह्यली," आणि तिनं जातं एकटीनंच ओढलं. त्या आठवड्यात मी घरी मोठ्यानं वाचायला लागले. माणसाचा आवाज हवा होता, म्हणून.

मग वकीलसाहेब आले. आत आले नाहीत, उंबऱ्याबाहेर उभे.

"एक ओळ लिहून द्या. माझी चूक झाली, यापुढं शुभकार्यात समोर येणार न्हाई. बस. मी सगळ्यांला समजावतो, पोरी परत येतील."

"आणि नाही दिलं तर?"

"मंग कमिटीला तुम्हाला काढावं लागंल. विचार करा. तुमच्या मागंपुढं कोण हाये?"

कुणी नव्हतं. ते त्यांनी बरोबर सांगितलं.

मी दौत आणि कागद आणून उंबऱ्यावर ठेवला. "काढा. पण कारण तुम्ही लिहा. विधवा असून लोकांसमोर आली म्हणून काढली. उर्दूत लिहा, मराठीत लिहा. खाली सही करा. मी तो कागद तालीम खात्याला पाठवते."

वकीलसाहेबांनी कागदाला हात लावला नाही. त्यांना लिहिता येत होतं. स्त्रीशिक्षणावरची सगळी भाषणं ते स्वतःच लिहायचे.

"तुम्ही समजदार होता," ते म्हणाले आणि गेले.

त्यांनी ते कारण आजपर्यंत लिहिलेलं नाही. आमच्या तालुक्यात वाचता येणारी दुसरी बाईही त्यांना मिळालेली नाही. मुली सातच आहेत. आडावर मी उन्हं डोक्यावर आल्यावर जाते, कारण तेव्हा तिथं कुणी नसतं. हे असंच चालणार, हे मला कळतं.

पण खुर्ची मी सोडणार नाही. हळदीकुंकू असो, मुआयना असो, खुद्द निजामाचे सुभेदार येवोत. ज्यांना माझं तोंड बघायचं नाही त्यांनी दुसरीकडं बघावं. आता मी आत जाणार नाही. शाळेच्या भल्यासाठीसुद्धा नाही.