जावईबापूंचा खडक

मत्स्यालयातले खडक खरे नसतात, हे तिकीट काढून येणाऱ्यांना कोणी सांगत नाही. सगळे सिमेंटचे! आणि या मत्स्यालयातले खडक एकतीस वर्षं एकाच माणसाने रंगवले. सगळे त्यांना रंगारीकाका म्हणत. माणूस तिरसट, पण हातात जादू. पाठीवर स्पंज चिकटवून फिरणारा खेकडा काकांच्या खडकावर बसला, की टाकी पुसणाऱ्यालाही सापडायचा नाही. पाणगवतासारखा उभा राहणारा मासा, विषारी माशाचे पट्टे अंगावर घेऊन मिरवणारा निरुपद्रवी मासा. कोणाला जगायला कसला रंग लागतो, हे काकांना तोंडपाठ होतं.

गेल्या वर्षी मात्र काकांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. सगळं पिवळट, धुरकट दिसायला लागलं. हे फक्त बायकोला माहीत. ती शिवणकाम करायची. कापडाला दोरा जुळवण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं.

"अहो, ऑपरेशन करून घ्या ना," ती रोज म्हणायची.

"आणि मी रजेवर गेलो की साहेब छापील चित्रं चिकटवून मोकळे होतील! मग काय घरी बसून माश्या मारू?" काका खेकसायचे.

साहेब खरंच त्या बेतात होते. म्हणून काकांनी रंगाच्या डब्यांच्या जागा पाठ केल्या. कोणी काही दाखवलं, की "छान, छान" म्हणून वेळ मारून न्यायची.

अशात ऑक्टोपस आला. त्याला भरवणाऱ्या मावशींनी त्याचं नाव जावईबापू ठेवलं, कारण मिनतवाऱ्या केल्याशिवाय स्वारी घास घ्यायची नाही. काकांनी त्याच्यासाठी मन लावून तपकिरी खडक रंगवायला घेतला. रंग पिवळा वाटला, म्हणून निळा ओतला. तरी पिवळाच, म्हणून आणखी ओतला.

जावईबापू नव्या टाकीत उतरले आणि काचेसमोर ही गर्दी! खडकाला चिकटून तो तपकिरी झाला, मग करडा, मग तांबूस, अंगावर खडबडीत टेंगळं काढली, शेवटी पांढराफटक पडला. लोक टाळ्या वाजवत होते.

"मानलं तुम्हाला, काका!" साहेबांनी पाठीवर थाप मारली. "पहिल्यांदाच ऑक्टोपस धड दिसतोय. छापील चित्रांचं राहू द्या आता."

काका हवेत तरंगतच घरी गेले. पण चार दिवसांनी मावशींनी त्यांना गाठलं.

"घास घेत नाही हो. टाकीतल्या पाण्याच्या नळीमागे अंग चोरून बसलाय. आणि काका, खडक असा जांभळा का रंगवलात?"

काकांना ओतलेला निळा आठवला. जांभळा! म्हणजे बिचारा एकेक रंग घालून लपायला बघत होता, आणि लोक टाळ्या पिटत होते. काकांना स्वतःची इतकी लाज वाटली की त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

सकाळी ते तडक साहेबांच्या खोलीत गेले.

"साहेब, मला नीट दिसत नाही. वर्षभर थापा मारतोय. खडक चुकलाय, पुन्हा रंगवू द्या."

"अहो, पण लोकांना आवडतोय!"

"लोकांना आवडतोय आणि तो मरतोय."

साहेबांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "रंगवा. पण काका, हा शेवटचा. पुढे छापील चित्रंच."

"चालेल," काका म्हणाले.

टाकी रिकामी झाली. बायको समुद्रावरचा खरा दगड समोर ठेवून रंग कालवायची, काका चाचपत ब्रश मारायचे. "अहो, पुरे! इथे किती थापताय!" "तू मला शिकवू नकोस!" असं दोन दिवस चाललं.

रंग पक्का वाळल्यावर टाकी भरली आणि जावईबापूंना आत सोडलं. अर्ध्या तासात गर्दी कुरकुरायला लागली. "रिकामीच आहे की टाकी!" म्हणत लोक पुढे निघाले. मावशींनी चिमट्याने कोळंबी आत धरली. खडकाचाच एक तुकडा हलला आणि कोळंबी गेली.

काकांनी काचेला नाक लावलं. त्यांना नुसतं धुकं दिसत होतं.

"अगं, बघ ना. दिसतोय का कुठे?"

बायकोने या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत निरखून पाहिलं.

"नाही हो. कुठेच नाही."

काकांनी रुमाल काढला आणि सगळ्यांसमोर खुशाल डोळे पुसले.