चायनीजच्या गाडीवरचं औषध

“ह्ये औषध नाय, ह्ये चायनीज हाय!”

खर्डीजवळच्या आमच्या गावात, आरोग्य उपकेंद्राच्या ओट्यावर उभी राहून, हातातली बाटली नाचवत मी हे बोलले, तेव्हा माझ्याएवढी हुशार बाई अख्ख्या शहापूर तालुक्यात नव्हती. असं माझं मत. आता त्या हुशारीचं पुढं काय झालं ते ऐका, पण चहा खाली ठेवून ऐका, सांडेल.

बायकांची तपासणी होती. गर्भपिशवीच्या तोंडाला कॅन्सर होतो, तो आधीच ओळखता येतो का, ते बघणारी. नर्सबाई चार दिवस दारोदार फिरल्या, तेव्हा कुठं बायका आल्या. माझी धाकटी जाऊ पारू तर वर्षभर अंगावरचं दुखणं पदराखाली घेऊन हिंडत होती. मोठ्या मिनतवारीनं ती त्या बाकावर बसली होती, तीसुद्धा टोकाला, पळायला बरं म्हणून.

आणि नर्सबाईंनी बाटली उघडली. वास आला. तो वास मला ठाऊक होता. हायवेच्या नाक्यावर नवीन चायनीजची गाडी लागली होती, तिथं मी गोबी खाल्ली होती. व्हिनेगर! बाटलीसुद्धा तीच.

“सरकारी औषध कुठं विकलंस गो बाय?” मी विचारलं. किती सभ्य प्रश्न, नाही?

त्या बिचाऱ्या समजावत राहिल्या, की मावशी, व्हिनेगरच आहे. पाणी घालून पातळ करायचं, आत लावायचं, मिनिटभर थांबायचं. जागा खराब असली तर पांढरी दिसते.

“आणि मंग वरून शेजवान चटणी घालायची काय?”

बायका हसल्या. एकदा लोक हसले की मला आवरत नाही, हा माझा जुना रोग, त्याच्यावर अजून कुणी औषध काढलेलं नाही. मग मी हुकमाचा पत्ता काढला. माझी भाची.

माझ्या मुरबाडच्या भावाची मुलगी, सुनंदा. मुंबईत मोठी डॉक्टर, नेमकी ह्याच आजाराची. नुसती तपासत नाही, संशोधन करते, लेख लिहिते, ते परदेशात छापतात. आणि तिथल्या डॉक्टरांनी स्वतः काही लिहिलं की शेवटी हिचं नाव घालतात, जसं आपण लग्नपत्रिकेत वडीलधाऱ्यांचं घालतो. त्याशिवाय म्हणे त्यांच्या लिहिण्याला वजन येत नाही. माझ्या भाचीशिवाय तिकडं कार्य उभं राहत नाही, बोला!

तिचा एक लेख माझ्या घरात आहे. देवांच्या शेजारी, काचेत. दसऱ्याला कोयता, विळा आणि तो लेख, तिघांना हळदकुंकू आणि झेंडू. वाचला का? तो इंग्रजीत. मी शाळेची पायरी न चढता वाण्याच्या पुड्यांवर मराठी शिकले, पण इंग्रजी पुडी आमच्या वाण्याकडं यायची नाही. सुनंदा दर सुट्टीत समजावून सांगायला बसायची. मी म्हणायची, “मला नको शिकवू, मला सगळं कळतं.” तुमच्या घरातली पोथी तुम्ही रोज वाचता काय? मग!

तर मी नर्सबाईंना सुनावलं, की ह्या आजाराचं खरं औषध काय, ते माझ्या भाचीनं लिहून ठेवलंय. जगानं मान्य केलंय. आणि तू आमाला गाडीवरची बाटली लावतेस?

“काय लिवलंय त्यात?” नर्सबाईंनी विचारलं. “तुमी वाचलाय?”

“मी रोज हात जोडते त्याला,” मी म्हटलं.

एवढ्यात माझ्या भाषणाचं फळ दिसू लागलं. बायका चपला शोधायला लागल्या. पारू तर सगळ्यांच्या आधी उठली. तिला निमित्तच हवं होतं, ते मी आयतं वाढलं. नर्सबाईंचा चेहरा पडला. पारूला दारातच अडवून त्या हळूच म्हणाल्या, “पारूताई, तुमी तरी थांबा गो. आज गेलात तर परत येणार नाय.” पारूनं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली, चल म्हणून.

तेवढ्यात जीप आली. शहापूरहून, तपासणी कशी चाललीय ते बघायला. आणि उतरलं कोण? सुनंदा! देव माझ्या बाजूला आहे, याचा ह्याहून मोठा पुरावा काय हवा? मी बायकांना म्हटलं, आता बघा मजा. आणि सगळी तक्रार, चटणीसकट, तिच्या पुढ्यात ओतली.

तिनं बाटली घेतली, हुंगली, नर्सबाईंना विचारलं पाणी किती घातलंत, आणि उत्तर ऐकून बरोबर म्हणाली. मग दारातल्या पारूचा हात धरून तिला परत बाकावर बसवलं. आवाज जरासुद्धा चढवला नाही. मोठ्यानं बोलायची वेळ नेहमी अडाण्यावर येते, हे मला त्या दिवशी कळलं.

मग माझ्याकडं वळून म्हणाली, “आत्या, दसऱ्याला ज्या लेखाला कुंकू लावतेस ना, तो पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत ह्या व्हिनेगरवरच हाय, तेव्हा आता पारूमावशीच्या आधी तू आत चल.”